अननसाच्या वासापासून गाडीच्या धुरापर्यंत

एमएच ११ किंवा एमएच १० पाटीची, पंधरा-वीस वर्षे वापरलेली पेट्रोल गाडी. रंग थोडा उडालेला, पण इंजिन अजून दणकट. पीयूसीची मुदत संपत आली म्हणून मालक ती पेट्रोल पंपाशेजारच्या तपासणी केंद्रावर आणतो. तिथला मुलगा सायलेन्सरच्या तोंडात एक नळी सरकवतो, पाटीचा फोटो घेतो आणि पडद्याकडे पाहत थांबतो. काही क्षणांत दोन आकडे उमटतात. एक कार्बन मोनॉक्साइडचा, टक्क्यांत. दुसरा हायड्रोकार्बनचा, पीपीएममध्ये म्हणजे दहा लाखांत किती भाग अशा मापात. साताऱ्यात असो वा सांगलीत, जुन्या गाडीच्या मालकाचा जीव या दोन आकड्यांत अडकलेला असतो.

पहिला आकडा का मोजतात, हे समजणे सोपे आहे. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून बसू नये, ते यासाठीच. दुसऱ्या आकड्याचे मात्र कोडे पडते. हायड्रोकार्बन म्हणजे न जळलेले पेट्रोल. ते वाया गेले तर मालकाचे नुकसान, त्यात सरकारला आणि डॉक्टरांना काळजी करण्यासारखे काय आहे? याचे उत्तर ज्याने शोधले, तो मोटारींचा अभियंता नव्हता की फुप्फुसांचा डॉक्टरही नव्हता. तो वनस्पतींच्या गंधांचा अभ्यास करणारा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याचे नाव आरी यान हागेन-स्मिट.

नाण्यांच्या गावातला मुलगा

हागेन-स्मिट यांचा जन्म २२ डिसेंबर १९०० रोजी नेदरलँड्समधील उट्रेख्ट शहरात झाला. वडील तिथल्या शाही टांकसाळीत रसायनतज्ज्ञ होते. नाण्यातील धातूचा कस बारकाईने तपासणे हा टांकसाळीतल्या रसायनतज्ज्ञाचा रोजचा उद्योग. अगदी थोड्या पदार्थातून नेमकी माहिती काढायची ही शिस्त मुलातही उतरली. उट्रेख्टच्या विद्यापीठातच त्यांचे शिक्षण झाले आणि १९२९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता सेस्क्विटर्पीन, म्हणजे वनस्पतींच्या सुगंधी तेलांत आढळणारी संयुगे.

त्यानंतर काही वर्षे ते वनस्पतींची वाढ घडवणाऱ्या संप्रेरकांवर काम करीत होते. अशा पदार्थांचे प्रमाण इतके सूक्ष्म असते की भरपूर कच्चा माल घेऊन त्यातून चिमूटभर शुद्ध पदार्थ वेगळा काढावा लागतो. या कामात त्यांचे नाव झाले. १९३६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलावले आणि पुढच्याच वर्षी ते कॅलिफोर्नियातील पासाडेना इथल्या कॅलटेक या संस्थेत दाखल झाले. उरलेले आयुष्य त्यांनी तिथेच काढले.

कॅलटेकमध्ये त्यांनी वनस्पतीच्या जखमा भरून आणण्यास मदत करणारा एक पदार्थ शेंगांमधून वेगळा काढला. कांदा, लसूण, द्राक्षे यांना वास आणि चव कशामुळे येते, याचाही ते शोध घेत. चाळिशीच्या दशकात त्यांनी अननस हाती घेतला. ढिगाने अननस आणायचे, त्यांचा वास हवेबरोबर ओढून घ्यायचा, तो अतिथंड नळ्यांमध्ये गोठवायचा आणि जमलेल्या थेंबांत कोणकोणते पदार्थ आहेत ते ओळखायचे, अशी त्यांची पद्धत होती. शिजणाऱ्या आमटीची वाफ झाकणावर थेंबांच्या रूपाने जमते, तेच तत्त्व इथे फार काटेकोरपणे वापरलेले होते.

डोळे झोंबणारे शहर

त्याच काळात पासाडेनाला लागून असलेले लॉस एंजेलिस वेगळ्याच त्रासाने हैराण झाले होते. जुलै १९४३ मध्ये एके दिवशी शहरावर तपकिरी धुरके उतरले. लोकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, घसे खवखवू लागले. दुसरे महायुद्ध चालू असल्याने हा शत्रूचा वायुहल्ला असावा, अशीही शंका काहींना आली. मग संशय कृत्रिम रबरासाठी लागणारे रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. त्या कारखान्याचे काम थांबवले तरी धुरके यायचे राहिले नाही.

लंडनसारख्या शहरांतील धुरके लोकांना माहीत होते. कोळसा जाळायचा, त्यातून काजळी आणि गंधकाचा धूर निघायचा आणि दमट थंडीत तो धुक्यात मिसळायचा. लॉस एंजेलिसमध्ये कोळसा फारसा जळत नव्हता. इथले धुरके थंडीत नव्हे, तर लख्ख उन्हाच्या दिवसांत जास्त त्रास द्यायचे. भरदुपारी जोर करायचे आणि रात्री विरायचे. आणखी एक विचित्र गोष्ट होती. शहराभोवतीच्या मळ्यांत पालकासारख्या भाज्यांची पाने चंदेरी, करपल्यासारखी होऊ लागली होती. गंधकाच्या धुराने पाने खराब होतात, पण ती खूण वेगळी असते. रबराच्या वस्तूही या शहरात लवकर तडकत होत्या.

१९४७ मध्ये लॉस एंजेलिस परगण्याने हवेच्या प्रदूषणावर देखरेख करण्यासाठी एक स्वतंत्र यंत्रणा उभारली. तिच्यापुढचा पहिलाच प्रश्न होता की या हवेत नेमके आहे तरी काय? हवेतील नगण्य प्रमाणातले पदार्थ पकडून ओळखणारा माणूस हवा होता. अननसाचा वास पकडणारे हागेन-स्मिट शेजारच्या पासाडेनातच होते.

खिडकीबाहेरची हवा

हागेन-स्मिट यांनी फळांसाठी वापरलेले उपकरण खिडकीकडे वळवले. बाहेरची धुरकट हवा मोठ्या प्रमाणात आत ओढून त्यांनी ती गोठवणाऱ्या नळ्यांतून नेली. तळाशी जमले ते थोडेसे तपकिरी, उग्र वासाचे द्रव्य. त्यात पेट्रोलियमपासून आलेल्या हायड्रोकार्बनचे अर्धवट ऑक्सिडीकरण झालेले पदार्थ होते. अर्धवट ऑक्सिडीकरण झाले म्हणजे हवेत कुठेतरी जोरदार ऑक्सिडीकरण करणारे द्रव्य असले पाहिजे. संशय ओझोनवर गेला.

पुढचा प्रयोग साधा होता. एका भांड्यात पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजन डायऑक्साइड घ्यायचा आणि त्यावर सूर्यप्रकाश पाडायचा. भांड्यात ओझोन तयार झाला, धुरक्याचा ओळखीचा वास आला आणि डोळेही झोंबले. त्या हवेत वाकवून ठेवलेली रबराची पट्टी लवकर तडकली. बंद पेटीत ठेवलेल्या रोपांच्या पानांवर मळ्यातल्यासारखेच डाग उमटले. शहराचे धुरके प्रयोगशाळेत बनले होते. तेही चिमणीविना आणि कोळशाविना.

यामागचे रसायन असे आहे. इंजिनातील प्रचंड तापमानात हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडले की त्यातला ऑक्सिजनचा एक अणू सुटतो आणि हवेतील ऑक्सिजनला जाऊन मिळतो. त्यातून ओझोन बनतो. मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड एरवी हाच ओझोन खाऊन टाकतो आणि हिशेब बरोबरीत सुटतो. पण हवेत न जळलेल्या पेट्रोलची वाफ असेल, तर तिच्यापासून बनणारे अस्थिर रेणू नायट्रिक ऑक्साइडला ओझोनची मदत न घेताच पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड बनवतात. ओझोन खाणारा कमी झाला की तो साठत जातो. म्हणूनच हा दुसरा आकडा महत्त्वाचा. हायड्रोकार्बनचा आकडा केवळ वाया गेलेले इंधन दाखवत नाही, तर उन्हात काय शिजणार आहे याची ती सूचना असते.

पृथ्वीपासून फार उंचावरचा ओझोन सूर्याच्या घातक किरणांपासून आपल्याला वाचवतो. तोच ओझोन नाकाच्या पातळीवर मात्र त्रासदायक ठरतो. श्वासनलिकेच्या नाजूक अस्तराला तो डिवचतो. खोकला येतो, दीर्घ श्वास घेताना छातीत दुखते, दमेकऱ्यांचा त्रास बळावतो. उन्हात कष्ट करणारी माणसे आणि मैदानावर खेळणारी मुले जोरजोराने श्वास घेतात, म्हणून त्यांना त्याची झळ अधिक बसते.

मोटारींच्या शहरात मोटारीवर बोट

या निष्कर्षाने अनेकांची झोप उडाली. गंधकाच्या धुरावर नियंत्रण ठेवले की काम झाले, असे तेल उद्योगाला वाटत होते. हागेन-स्मिट यांचे बोट तेल शुद्धीकरण कारखान्यांतून सुटणाऱ्या वाफेकडे जात होतेच, शिवाय ते घरोघरच्या मोटारींकडेही जात होते. तेल कंपन्यांच्या पैशावर धुरक्याचा अभ्यास करणाऱ्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यांचा सिद्धांत मान्य केला नाही. हवेत एवढा ओझोन असेल तर तो उंचावरून खाली आलेला असावा, असाही एक मुद्दा पुढे आला.

स्वभावाने शांत असलेल्या या प्राध्यापकाला ते लागले. आपण केलेले काम निष्काळजी आहे, असे कुणी म्हणावे, हे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. फळांचे गंध बाजूला ठेवून त्यांनी वर्षभर पूर्ण वेळ धुरक्याला दिला. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे रसायन आणि त्याचे सजीवांवरील परिणाम मांडणारा त्यांचा प्रसिद्ध शोधनिबंध १९५२ मध्ये आला. योगायोगाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात लंडनमध्ये कोळशाच्या धुरक्याने हजारो बळी घेतले. जगासमोर प्रदूषणाची दोन रूपे एकाच वर्षी उभी राहिली. एक काळे, थंडीतले, चिमणीचे. दुसरे तपकिरी, उन्हातले, सायलेन्सरचे.

पुढच्या काही वर्षांत इतर प्रयोगशाळांनीही तेच प्रयोग केले आणि उत्तर तेच आले. विरोधकांचा सूर बदलू लागला. लॉस एंजेलिसने १९५७ मध्ये घराच्या परसात कचरा जाळण्याच्या भट्ट्या बंद केल्या. पण मोटारींचे काय, हा खरा प्रश्न शिल्लकच होता.

प्रयोगशाळेतून खुर्चीवर

मोटारींवरील नियंत्रण टप्प्याटप्प्याने आले. इंजिनाच्या खालच्या भागातून गळणारी पेट्रोलची वाफ हवेत न सोडता पुन्हा इंजिनातच जाळावी, ही व्यवस्था १९६३ सालच्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातील नव्या गाड्यांना लागू झाली. १९६६ च्या मॉडेलपासून सायलेन्सरमधून निघणाऱ्या हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइडवर मर्यादा आल्या. आज सांगलीतल्या पीयूसी केंद्राच्या पडद्यावर दिसणाऱ्या दोन आकड्यांचे मूळ या मर्यादांत आहे.

१९६८ मध्ये कॅलिफोर्निया वायू संसाधन मंडळाचे काम सुरू झाले आणि राज्याचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी हागेन-स्मिट यांची पहिले अध्यक्ष म्हणून नेमणूक केली. त्यांच्या कारकिर्दीत मंडळाने मोटारींतून निघणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडवर मर्यादा घातल्या. अमेरिकेत असे प्रथमच घडत होते. मोटार कंपन्या हे अशक्य असल्याचे सांगत होत्या. तरी काही वर्षांतच, १९७५ च्या मॉडेलपासून, अमेरिकेतील बहुतेक नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला.

सर्वांत अवघड गाठ होती ती जुन्या गाड्यांची. नव्या गाडीला नियम लावणे सोपे, कारण तो कारखान्यात लावता येतो. रस्त्यावर आधीच धावणारी गाडी सामान्य माणसाची असते आणि खर्च त्याच्या खिशातून होतो. १९६६ ते १९७० च्या गाड्यांना नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारे उपकरण बसवण्याच्या योजनेवरून कॅलिफोर्नियात मोठा वाद झाला. त्यातच इंधनटंचाई आली. १९७३ मध्ये रेगन यांनी हागेन-स्मिट यांना अध्यक्षपदावरून दूर केले. विज्ञानातील कामगिरीसाठी दिले जाणारे अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदकही त्यांना त्याच १९७३ सालचे मिळाले. एका हाताने मान आणि दुसऱ्या हाताने रजा, असा तो काळ होता. १७ मार्च १९७७ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. मोटारींच्या धुराची तपासणी करणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या प्रयोगशाळेला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.

आपल्या रस्त्यावर

भारतात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल यांची सुरुवात १ एप्रिल १९९५ रोजी चार महानगरांतील नव्या मोटारींपासून झाली. शिसे असलेल्या पेट्रोलने कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून दोन्ही गोष्टी एकदमच आणाव्या लागल्या. देशभर शिसेविरहित पेट्रोल २००० मध्ये आले. बीएस-४ नियम देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यामुळे आपल्या रस्त्यावर एकाच वेळी तीन-चार पिढ्यांच्या गाड्या धावतात आणि प्रत्येकीची परीक्षा वेगळी असते.

बीएस-२ पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतो. बीएस-२ आणि बीएस-३ गाडीसाठी ही मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम आहे. बीएस-४ साठी ती ०.३ टक्के आणि २०० पीपीएम इतकी कडक होते. डिझेल गाडीचे हे दोन वायू न मोजता तिच्या धुराचा गडदपणा मोजतात. नव्या गाडीला पहिले वर्ष सूट असते. त्यानंतर बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांना वर्षातून एकदा, तर त्याआधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी तपासणी करावी लागते.

जुनी गाडी या परीक्षेत बहुतेक वेळा नापास होते ती म्हातारपणामुळे नव्हे, तर दुर्लक्षामुळे. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. हवेचा फिल्टर धुळीने तुंबला की हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. स्पार्क प्लग झिजला की एखादा ठोका चुकतो आणि न जळलेले पेट्रोल तसेच बाहेर पडते. मग हायड्रोकार्बनचा आकडा एकदम उसळतो. म्हणजे हे दोन आकडे दोष कुठे आहे तेही सांगतात. एकटा कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. एकटा हायड्रोकार्बन जास्त असेल तर आधी ठिणगीकडे पाहावे. रक्ताच्या अहवालावरून डॉक्टर अंदाज बांधतो, तसाच चांगला मेकॅनिक या चिठ्ठीवरून बांधतो.

दुसरी चूक म्हणजे थंड गाडी तपासणीला नेणे. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करीत नाही. घरापासून कोपऱ्यावरच्या केंद्रापर्यंत नेलेली गाडी तेवढी तापत नाही. पंधरा-वीस मिनिटे मोकळ्या रस्त्यावर चालवून मग थेट केंद्रावर न्यावी. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत चोक पूर्ण आत आहे ना, हे पाहावे. तेल काळे झाले असेल तर आधी बदलावे, कारण त्यात मिसळलेल्या पेट्रोलची वाफ परत इंजिनात जाते. सायलेन्सरला भोक असेल तर बाहेरची हवा मिसळून यंत्राला खोटा आकडा मिळतो, म्हणून ते बुजवावे. डिझेल गाडीत हवेचा आणि इंधनाचा फिल्टर बदलावा आणि इंजेक्टर तपासून घ्यावेत. या कामांतली बरीचशी नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्येच होतात आणि गाडीचे ॲव्हरेजही सुधारते.

नळी धुराड्यात न घालताच कागद मिळवण्याचा मोह काहींना होतो. त्यात फसवणूक होते ती आपलीच. कागदाने दंड वाचतो, धूर थांबत नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सांगलीचे नाव आहे, म्हणजे हवेतील धूलिकणांचा निकष न पाळू शकलेल्या शहरांत ती मोजली जाते. सातारा डोंगराच्या कुशीत वसले आहे. हिवाळ्याच्या सकाळी डोंगरांमधील गार हवा जमिनीलगत बसून राहते, वर उबदार हवेचे झाकण पडते आणि धूर खालीच कोंडतो. डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यातल्या लॉस एंजेलिसवर असेच झाकण पडत होते.

पीयूसीची एक मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. गाडी उभी असताना केलेल्या या चाचणीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. ती मुख्यतः इंजिनावर भार असताना, म्हणजे खंबाटकीसारखा घाट चढताना बनतात. ओझोनच्या पाककृतीतला एक जिन्नस केंद्रावर मोजला जातो आणि दुसरा सुटतो. म्हणून पीयूसी पास होणे ही किमान पायरी आहे, गाडी निर्दोष असल्याचा दाखला नव्हे.

पन्नासच्या दशकात कॅलिफोर्नियातील द्राक्षांच्या पानांवर बारीक गडद ठिपके दिसू लागले आणि ते ओझोनचे असल्याचे तिथल्या संशोधकांनी दाखवून दिले. माणसाच्या फुप्फुसांआधी पानांनी साक्ष दिली होती आणि ती वाचायला वनस्पतींचा जाणकारच लागला. तासगावच्या द्राक्षबागांच्या जिल्ह्यात ही गोष्ट समजायला कठीण जाऊ नये. पान काय सांगते, हे इथल्या शेतकऱ्याला कळते. सहा महिन्यांनी हातात पडणारी दोन आकड्यांची चिठ्ठीही तशीच वाचता येते.